जळकं चामडं

लॉरीचा क्लच संपत आलाय हे उमाजीला पहिल्यांदा कळलं ते नाकाने. अणशीच्या खालच्या रानातून सागाचे ओंडके भरून तो चढ चढत होता. अर्ध्या चढावर पायाखालच्या फळ्यांच्या फटीतून वास वर आला, चुलीत जुनी वहाण पडल्यासारखा. त्याने पाय पेडलवरून पुरता बाजूला घेतला आणि कान दिला. इंजिनाचा आवाज चढत चालला होता, पण लॉरी होती त्याच चालीने कशीबशी वर सरकत होती.

सन अठ्ठावीसचा एप्रिल महिना होता. उमाजी नंदिगड्ड्याकडच्या एका वाडीतला कुणबी. एकोणिसाव्या वर्षी तो ओझी वाहायला बेळगावला गेला आणि तिथे कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे मोटारी धुता धुता टिकून राहिला. मिस्त्रीने चौदा सालच्या लढाईत बसऱ्याला फौजेच्या लॉऱ्या चालवल्या होत्या. त्याने उमाजीला गाडी शिकवली, आणि गाडीच्या आधी क्लच शिकवला. इंजिन एकीकडे फिरतं, चाकं दुसरीकडे फिरतात, आणि दोघांच्या मधे चामडं मढवलेला एक लोखंडी शंकू असतो. तो इंजिनाच्या चाकात गच्च बसला की गाडी पळते, पेडल दाबलं की सुटतो. चामडं झिजलं की तो नुसता घसरत राहतो. मिस्त्री म्हणायचा, ब्रेक गेला तर एका क्षणात कळतं, क्लच मात्र आठ-पंधरा दिवस आधी सांगून जातो, ऐकणारा पाहिजे.

पाच वर्षांनी एका लाकडाच्या ठेकेदाराने फौजेची जुनी लॉरी विकत घेतली आणि उमाजी डायवर होऊन आपल्या मुलखात परतला. त्या रानात तोवर कुणी कुणबी मोटारीच्या चाकामागे बसलेला नव्हता. तो जोयड्यावरून जायचा तेव्हा भात कांडणाऱ्या बाया हात थांबवून रस्त्याकडे बघत, आणि त्याला ते कळत असे.

ठेकेदार स्वतः रानात कधी येत नसे. सगळा कारभार भिकाजी मुकादमाच्या हातात होता. भिकाजी खानापूरकडचा. खांद्याला ठासणीची बंदूक आणि कमरेला पितळी बक्कलचा रुंद पट्टा. बंदूक वाघासाठी होती. पट्टा माणसांसाठी. अणशीच्या तळावर असा मजूर सापडणं कठीण, ज्याच्या पाठीवर त्या बक्कलची खूण नव्हती.

त्याच संध्याकाळी उमाजीने त्याला सांगितलं, "मुकादम, क्लचचं चामडं गेलंय. बेळगावास्नं नवं आणाय पायजे. चार दिस गाडी हुबी ऱ्हाऊ द्या."

"मिरग चार दिस थांबंल काय? पावसाच्या आत समदा माल जोयड्याच्या अड्ड्यावर पायजे. मालकाला शबूद दिलाय मी."

"चढावर दगा देईल, मुकादम."

"आज चढली का न्हाई?"

"चढली. पर पेडल बघा, पाय पुरता वर घेतला तवा कुटं धरतीया. आदी अर्ध्यातच..."

भिकाजीने पट्टा सोडला. पहिला फटका कानावर बसला, दुसरा मानेवर. उमाजी खाली बसला तेव्हा उरलेले पाठीवर बसले. वीस-पंचवीस माणसं कुऱ्हाडी हातात घेऊन उभी होती. कुणी हललं नाही. भिकाजीला धाप लागली तेव्हा तो थांबला आणि पट्टा कमरेला अडकवत साध्या आवाजात म्हणाला, "खानापुरात दोन डायवर मोकळं बसल्यात. बोलवू एकाला?"

उमाजीने कानातून आलेलं रक्त बाहीला पुसलं. "नगं," तो म्हणाला. "चालवतो."

नंतरच्या दिवसांत तो पायाने आणि कानाने त्या क्लचवर पाळत ठेवून राहिला. रिकामी लॉरी ठीक चाले, म्हणून फसायला होई. माल भरला की मात्र आधी चढावर, मग सपाटीवरही, इंजिन उगाच ओरडू लागलं. गेर बदलल्यावर गाडी लगेच उचल खात नसे. पेडल आधी बोटभर सैल हलायचं, तो मोकळा खेळ आता राहिलाच नव्हता. मिस्त्रीकडे असताना त्याने पाहिलं होतं की चामडं गुळगुळीत झालं तर त्यावर राळ टाकतात. रानात धुपाच्या झाडांना तोटा नव्हता. त्याने राळ दगडावर कुटली आणि फळी उचलून ती भुकटी शंकूच्या फटीत सोडली. दोन दिवस क्लचने अशी पकड घेतली की लॉरी उडी मारूनच निघे. तिसऱ्या दिवशी राळ तापून वितळली आणि घसरणं पहिल्यापेक्षा वाढलं. त्याने आणखी राळ कुटली.

लॉरीमागे झिलू असायचा. तो उमाजीच्या वाडीचा, त्याच्याच वयाचा. चढ आला की लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाशी चालायचं आणि गाडी थांबली तर तो चाकाखाली सारायचा, हे त्याचं काम. एकदा चढ संपल्यावर तो पुढे येऊन हसत म्हणाला, "उमाजी, देवळात बसल्यागत वास येतोय रं मागं."

"धूप घातलाय गाडीला," उमाजी म्हणाला.

झिलू पुन्हा हसला. चार पावलं गेल्यावर उमाजीने त्याला हाक मारली. "चाकाच्या पाठीमागं चालू नगंस. बाजूनं चाल."

"ठोकळा बाजूनं कसा लावायचा?"

त्याला उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. उमाजीने गाडी पुढे काढली.

वास आला त्या दिवसापासून अठराव्या दिवशी भिकाजीने नेहमीच्या मालावर आणखी दोन ओंडके चढवायला लावले आणि त्यांच्यावर दोन मजूर बसवले. वळवाचे ढग जमले होते. उमाजी इंजिन चालू करायचं हँडल मारायला खाली उतरला तेव्हा त्याने भिकाजीकडे पाहिलं. भिकाजीचा हात बक्कलवर होता. उमाजीने हँडल मारलं.

चढाचं तिसरं वळण फार उभं होतं. तिथे इंजिन एकाएकी किंचाळलं आणि लॉरी जागच्या जागी थांबली. फळ्यांच्या फटीतून धूर वर आला. उमाजीने पायाचा ब्रेक दाबला, हाताचा ओढला, दोन्ही पाय रोवून सीटवरून उठला. एरवी गेरमधलं इंजिन गाडीला धरून ठेवतं. पण इंजिन आणि चाकं यांच्यामधला दुवाच सुटला होता. एवढ्या वजनाला नुसते ब्रेक पुरले नाहीत. लॉरी मागे सरकू लागली.

"झिलू, पळ," तो ओरडला.

झिलू पळाला नाही. तो चाकाकडे धावला. ठोकळा लागल्याचा आवाज उमाजीला आला, मग ठोकळा फुटल्याचा आला, आणि मग चाक कशावरून तरी वर उचललं गेलं आणि खाली आलं. वरचे दोन मजूर उड्या टाकून झाडीत पडले. लॉरी तशीच मागे जात मत्तीच्या एका जाड झाडावर आदळली. साखळ्या तुटल्या. ओंडके एकामागून एक उतारावर कोसळत गेले. उमाजीचा डावा हात स्टिअरिंगच्या आऱ्यांत अडकून कोपराखाली मोडला.

तो बाहेर पडला आणि मोडका हात धरून खाली चालत गेला. झिलू रस्त्यावर उताणा पडला होता. छातीपासून खाली त्याचं काही राहिलं नव्हतं. डोळे उघडे होते आणि तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. उमाजी त्याच्याशेजारी बसला. बुडबुडे थांबेपर्यंत बसला.

भिकाजी मागून घोड्यावर आला. त्याने प्रेताकडे पाहिलं, झाडावर आदळलेल्या लॉरीकडे पाहिलं, खाली गेलेल्या मालाकडे पाहिलं. मग उतरून त्याने बुटाची लाथ उमाजीच्या तोंडावर मारली. उमाजी पडल्यावर त्याच्या मोडक्या हातावर पाय ठेवून उभा राहिला, खोगिराच्या पिशवीतून काजूच्या दारूची बाटली काढली आणि ती त्याच्या तोंडावर, सदऱ्यावर रिकामी केली. दोघे मजूर झाडीतून बघत होते. एकाचा पाय मोडला होता.

"डायवर पिऊन तर्र व्हता," भिकाजी त्यांना म्हणाला. "काय बघितलं तुमी?"

"पिऊन व्हता," ते म्हणाले.

हाच निरोप नंदिगड्ड्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतली पंधरा-सोळा माणसं अणशीच्या तळावर आली. पुढे झिलूचा थोरला भाऊ लाडू होता आणि सगळ्यांच्या मागे दोन-चार बायांसोबत झिलूची बायको फुला. उमाजी गवताच्या छपरात पडला होता. हाताला त्याने स्वतःच दोन कामट्या बांधल्या होत्या. सदऱ्याला अजून दारूचा वास येत होता.

लाडूने तो वास घेतला आणि एक शब्द न विचारता हातातली बांबूची काठी चालवली. मग बाकीचे आत घुसले. जागा लहान असल्यामुळे सगळ्यांना मारता येत नव्हतं, म्हणून त्यांनी उमाजीला पायाला धरून बाहेर ओढला. त्याच्या बरगड्या मोडल्याचं मारणाऱ्यांनाही ऐकू आलं. तो तोंड मातीत खुपसून, चांगला हात डोक्यावर घेऊन पडला होता आणि एकच शब्द पुनःपुन्हा बोलत होता. तो शब्द त्यांच्यापैकी कुणाला माहीत नव्हता.

"काय म्हणतोय त्यो?" फुलाने विचारलं.

कुणी लक्ष दिलं नाही. तिने पुढे होऊन लाडूची काठी दोन्ही हातांनी धरली. "भावजी, थांबा. हे सांगायचे, उमाजी दारूला शिवत न्हाई. बेळगावातबी प्याला न्हाई. मग कालच कसा प्याला?"

लाडू थांबला.

"क्लच," उमाजी मातीतून म्हणाला. "क्लच उघडून बघा. चामडं जळलंय. मुकादमानं गाडी हुबी करू दिली न्हाई."

"भिकाजी कुटं हाय?" लाडूने तळावरच्या माणसांना विचारलं. एक म्हातारा म्हणाला, "गाडीकडं गेलाय. पेट्रोलचा डबा घिऊन."

ते सगळे चढाकडे धावले. उमाजीला दोघांनी काखेत धरून नेलं. प्रत्येक पावलाला त्याच्या छातीत सुरी फिरल्यासारखं होत होतं. तिसऱ्या वळणावर पोचले तेव्हा भिकाजीने पुढच्या फळ्यांवर डबा निम्मा ओतला होता. माणसं दिसताच त्याने डबा खाली ठेवला आणि बंदूक उचलली.

"मागं सरा. ही मालकाची गाडी हाय."

"मग मालकाची गाडी जाळतोस कशाला?" लाडू म्हणाला आणि चालत राहिला. काठी त्याने तळावरच टाकली होती. आता कमरेच्या आकडीतला कोयता त्याच्या हातात होता.

भिकाजीने पंधरा पावलांवरून बार काढला. छर्रे लाडूच्या मांडीत गेले. तो एका गुडघ्यावर आला, आणि पुन्हा उठला. ठासणीची बंदूक दुसऱ्यांदा भरायला वेळ लागतो. भिकाजीने ती उलटी धरून दस्ता लाडूच्या डोक्यात घातला. लाडूचं कपाळ फुटलं आणि रक्ताने डोळे भरले, तरी त्याने कोयता खालून वर मारला. बंदूक धरलेल्या भिकाजीच्या उजव्या हाताची चार बोटं रस्त्यावर पडली. भिकाजी ती उचलायला वाकला. खरंच वाकला. लाडूने दुसरा वार मानेवर उगारला, पण मांडीतून इतकं रक्त गेलं होतं की पायच खचला आणि तो भिकाजीच्या अंगावर आडवा पडला. बाकीच्यांनी मुकादमाला लाथांनी तुडवला. तो हलायचा थांबला तेव्हा त्याला ओंडक्यांच्या तुटक्या साखळीने मत्तीच्या झाडाला बांधला. मग बायांनी लुगड्याच्या चिंध्या फाडून लाडूची मांडी आवळली.

उमाजी तोवर लॉरीला टेकून उभा होता. तो फुलाला म्हणाला, "फळी उचल. पेट्रोल पडलंय, जपून."

तिने फळी उचलली. आत तेलकट लोखंडाचा मोठा गोल दिसत होता. उमाजी कसाबसा सीटवर चढला आणि पायाने पेडल पार तळापर्यंत दाबलं. आतला शंकू बोटभर मागे सरला आणि फट उघडली. पेडल धरून ठेवताना उमाजीच्या तोंडून आवाज निघत होता, पण पाय त्याने हलू दिला नाही.

"आत बोटं घाल. फिरव."

फुलाने बोटं घातली. चामडं असायला हवं तिथे कोळशासारखे पापुद्रे होते. बोट लागताच ते सुटून आले. त्यांच्या खाली तांब्याच्या रिव्हेटांची डोकी उघडी पडली होती आणि लोखंडावर घासून आरशासारखी झाली होती. मधेमधे काळी, चिकट राळ. तिने बोटं बाहेर काढली आणि नाकाशी नेली.

"धुपाचा वास हाय," ती म्हणाली. "चामडं जळल्याचाबी हाय."

"राळ मी घातली. पकड यावी म्हणून."

"कवा?"

उमाजीने पेडल सोडलं. भोवती माणसं उभी होती. दोन शब्दांत सुटता आलं असतं. झाडाला बांधलेला मुकादम समोर होता आणि दोष सगळा त्याच्यावर जात होता.

"धा-बारा दिस झालं," तो म्हणाला.

"म्हंजे तुला ठावं व्हतं."

"अठरा दिस. वास आला त्याच दिशी कळलं. मुकादमाला सांगितलं. त्यानं मारलं."

"आन ह्यांना सांगितलंस?"

"न्हाई."

"रोज तुझ्या चाकामागं चालायचे ते. सांगितलं न्हाईस?"

"बाजूनं चाल म्हणालो. का ते सांगितलं न्हाई."

"माराला भ्यालास?"

"माराला न्हाई," तो म्हणाला. "त्यो दुसरा डायवर आणंल म्हणून भ्यालो. ही जागा जाईल म्हणून." त्याने चांगल्या हाताने सीटवर थोपटलं.

फुलाने लॉरीच्या पायरीवर पडलेला मोठा पान्हा उचलला. तिला अडवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. उमाजीनेही हात वर घेतला नाही. तिने पान्हा त्याच्या तोंडावर मारला. ओठ फाटला, पुढचे दोन दात तुटून जिभेवर आले. ती दुसऱ्यांदा मारेल म्हणून तो थांबून राहिला. तिने पान्हा खाली टाकला.

"आता जे मला सांगितलंस ते फौजदारापुढं सांग," ती म्हणाली. "त्याचंबी आन तुझंबी. एक शबूद कमी सांगितलास तर तुझ्या दारात यीन."

फौजदार दुपारनंतर सुप्याहून आले. उमाजीने सगळं सांगितलं. तुटक्या दातांमुळे शब्द नीट निघत नव्हते, म्हणून त्यांनी त्याला दोनदा सांगायला लावलं. कारवारच्या कोर्टातही त्याने तेच सांगितलं. वकिलाने विचारलं, की लॉरी धोक्याची आहे हे ठाऊक असून तू ती चालवलीस का, तेव्हा तो म्हणाला, "व्हय." भिकाजीला तीन वर्षांची सजा झाली. पाय मोडलेल्या मजुराने दारूची बाटली कुणी ओतली ते अखेर कबूल केलं होतं. लाडूला कोयत्यासाठी एक वर्ष, आणि उमाजीला सहा महिने. त्याचा परवाना गेला.

तुरुंगातून सुटल्यावर तो आधी नंदिगड्ड्याला गेला. फुला शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजत होती. लाडू अजून आतच होता. ती उभी राहिली, पण बांध ओलांडून पुढे आली नाही.

"बोललास ते आयकलं मी," ती म्हणाली. "कोर्टात बसले व्हते. खरं बोललास."

"शेताचं काय काम असलं तर..."

"न्हाई. तू हितं येऊ नगंस, उमाजीदादा. तुला बघितलं की ते डोळ्यांपुढं येत्यात." तिने राखेने काळे झालेले हात लुगड्याला पुसले. "पानी पिऊन जा."

तो पाणी प्यायला आणि गेला.

डावा हात वाकडाच सांधला होता. बेळगावला म्हातारा मिस्त्री वारला होता. त्याच्या पुतण्याने उमाजीला कामावर ठेवलं. पुढची तीस वर्षं तो गाड्यांच्या पोटाखाली पडून क्लच दुरुस्त करत राहिला. गाडी त्याने पुन्हा चालवली नाही. दुरुस्तीला आलेली गाडी मात्र तो आधी कारखान्याच्या मागच्या चढावर न्यायला लावायचा आणि स्वतः बाजूने चालत इंजिनाचा आवाज ऐकायचा. क्लच घसरतोय असं वाटलं तर डायवर काहीही म्हणो, इंजिन चालू करायचं हँडल काढून घ्यायचा.

सुरुवातीच्या वर्षांत, एका पावसाळ्याच्या तोंडावर भाताच्या पोत्यांनी भरलेली एक लॉरी आली. डायवर तरणा आणि घाईत होता. म्हणाला, एवढी एक खेप मारून येतो, मग काय ते करा. उमाजीने हँडल काढलं. डायवरने मागितलं, मग शिव्या दिल्या, मग उमाजीला भिंतीशी नेऊन दोन्ही हातांनी बडवला. मिस्त्रीचा पुतण्या धावत आला तेव्हा उमाजी जमिनीवर बसला होता, नाकातून रक्त येत होतं, आणि हँडल त्याने दोन्ही मांड्यांखाली दाबून धरलं होतं.

"देऊन टाक की," पुतण्या म्हणाला. "त्याची गाडी, त्याचं नशीब."

"मागं कोण चालतंय इचार त्याला," उमाजी म्हणाला.

डायवरला काही समजलं नाही. तो ओसरीवर बसून राहिला, विडी ओढत, शिव्या देत. उमाजीने तोंड धुतलं, आणि नवं चामडं भिजवायला घातलं.